कुंभाराच्या पोराचा प्रश्न: जळल्यावर लोखंड जड कसं होईल?

खानापूरची टीचर:

नमस्कार. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात वर्गात अडकले, म्हणून इथं विचारतेय.

मी फळ्यावर लिहिलं होतं, ‘लोखंड जळलं किंवा गंजलं की त्याचं वजन वाढतं.’ मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. घरी कुंभारकाम आहे. म्हणाला, "टीचर, आमच्यात कच्चं मडकं भट्टीत घालताना जड असतंय आणि काढताना हलकं. लाकूड जळलं की राख उरते, ती तर फुंकरीनं उडते. आग लागली की वस्तूतलं कायतरी निघून जातंय. मग लोखंडातलंच का जात नाही?" मी म्हटलं, अरे, मडक्यातलं पाणी जातं. तर म्हणतो, "आठ दिवस उन्हात वाळवूनच घालतोय की!" वर्ग हसला, मीही हसले आणि घंटा झाली म्हणून सुटले.

दुसरी अडचण माझी स्वतःची. पुस्तकांत लॅव्हॉझिए ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाला आधुनिक रसायनशास्त्राचा जनक म्हणतात, आणि प्राणवायू प्रीस्टली आणि शेले यांनी शोधला असंही म्हणतात. मग ह्या गृहस्थानं नेमकं केलं काय? ‘तराजू वापरला’ असं उत्तर मिळतं. तराजू तर आमच्या आठवडी बाजारातल्या कांदेवाल्याकडंही आहे.


निपाणीकर:

जनक वगैरे पुस्तकवाल्यांची हौस. एक मार्काला येतं, नाव लिहायचं आणि पुढं जायचं. बिचारा विज्ञानासाठी गिलोटिनवर गेला, एवढं पोरांना सांगा, लक्षात राहतं.


भट्टीवाला:

निपाणीकर, विज्ञानासाठी नव्हे ओ. तो राजाच्या करवसुलीतला मक्तेदार होता. ८ मे १७९४ ला अशा २८ मक्तेदारांची मुंडकी एकाच दिवशी उडवली, त्यात ह्याचं एक. ह्या मक्तेदारीचाच पैसा त्यानं प्रयोगशाळेत ओतला होता, ती गोष्ट वेगळी.

टीचर, त्या पोराला आधी शाबासकी द्या. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीच्या लॅबमध्ये ३१ वर्षं काढली, तो म्हणतोय तसलं रोज मोजायचो. आणि तो जे बोलला तेच अठराव्या शतकातले मोठमोठे लोक बोलत होते. स्टाल नावाच्या जर्मन वैद्यानं त्याला नाव दिलं फ्लॉजिस्टन. जळणाऱ्या प्रत्येक वस्तूत हे असतं, जळताना बाहेर पडतं, उरते ती राख. मेणबत्तीवर भांडं उपडं घातलं की ती का विझते? आतली हवा फ्लॉजिस्टननं भरली, आणखी मावेना. कोळसा सगळा का सगळा जळून जातो, म्हणजे तो फ्लॉजिस्टननं ठासून भरलेला. धातूच्या मातीत कोळसा घालून तापवलं की कोळसा आपलं फ्लॉजिस्टन मातीला देतो आणि धातू तयार. सांगा, भट्टीवर काम करणाऱ्या माणसाला हे पटणार नाही? मला तर आजही निम्मं पटतं. हसण्यासारखा सिद्धांत नव्हता तो.

अडत होतं एकाच ठिकाणी, तुमच्या फळ्यावरच्या वाक्यापाशी. धातू जळला की वजन वाढतं. काही बाहेर गेलं तर वाढलं कसं? हे लोकांना माहीत नव्हतं असं नाही. आता गंमत बघा. बॉईल, तोच तुमच्या दाब-आकारमानाच्या नियमातला, त्यानं काचेच्या बंद भांड्यात कथील तापवलं. १६७३ सालची गोष्ट. तापवून झाल्यावर भांडं उघडलं आणि मग वजन केलं. वजन वाढलेलं. तो म्हणाला, आगीचे कण काचेतून आत शिरले. शंभर वर्षांनी, १७७४ मध्ये, लॅव्हॉझिएनं तोच प्रयोग कथील आणि शिसं घेऊन केला. फरक एवढाच की त्यानं वजन आधी केलं, भांडं मागनं उघडलं. बंद भांड्याचं वजन जसंच्या तसं. म्हणजे काचेतून काही आलं नाही, काही गेलं नाही. मग तोंड उघडलं तर बाहेरची हवा आवाज करत आत घुसली, आणि वजन वाढलं ते तिथं. धातूनं आतली हवा खाल्ली होती, त्या जागी नवी आली.

तराजू दोघांकडं होता. बॉईल काही कमी माणूस नव्हता. तुम्ही विचारलंत ना, ह्यानं केलं काय, तर माझ्या मते हे केलं: झाकण कधी उघडायचं ते ठरवलं. हवासुद्धा खातेवहीत धरली. जमा-खर्चात एक बाजू लिहायची राहिली की फ्लॉजिस्टनसारखं खातं उघडावं लागतं.

प्रीस्टलीचं म्हणाल तर त्यानं १ ऑगस्ट १७७४ ला एका मोठ्या भिंगानं ऊन एकवटून पाऱ्याची तांबडी राख तापवली आणि तो वायू पकडला. मेणबत्ती त्यात लख्ख पेटली. पुढं एक उंदीर त्यात कोंडला. साध्या हवेत पाव तास टिकला असता, इथं अर्धा तास टिकला. काढला तेव्हा मेल्यासारखा, शेकोटीजवळ धरला तर हुशार झाला. प्रीस्टली ह्या वायूला म्हणाला ‘फ्लॉजिस्टन काढून घेतलेली हवा’. हातात सोनं आणि पावतीवर पितळ! स्वीडनचा शेले त्याच्याही आधी तिथं पोचला होता, पण त्याचं पुस्तक निघालं १७७७ मध्ये. १७७४ च्याच ऑक्टोबरात प्रीस्टली पॅरिसला गेला, जेवताना लॅव्हॉझिएला सगळं सांगून बसला. लॅव्हॉझिएनं पुढं लिहिताना त्याचं नाव नीट घेतलं नाही. हा माणूस देव नव्हता, हेही पोरांना सांगा.

मग त्याचा तो १२ दिवसांचा प्रयोग. चार औंस पारा, वर कोंडलेली ५० घनइंच हवा, खाली शेगडी. दुसऱ्या दिवशी पाऱ्यावर तांबडे ठिपके दिसायला लागले. बाराव्या दिवशी आग काढली. हवा ४२ च्या आसपास उरलेली, तिच्यात मेणबत्ती विझायची. तांबडे कण गोळा केले, भरले ४५ ग्रेन. ते जास्त तापवले तर ४१.५ ग्रेन पारा परत मिळाला आणि ७ ते ८ घनइंच वायू, प्रीस्टलीचाच तो. जेवढी हवा गेली तेवढी परत आली. आता माझी खोड सांगतो. आजच्या अणुभारांनी मी हा हिशेब करून बघितला. ४५ ग्रेनमधून पारा यायला पाहिजे ४१.७. त्याला मिळाला ४१.५. फ्रेंच ग्रेन म्हणजे साधारण ५३ मिलिग्रॅम, म्हणजे चूक दहा मिलिग्रॅमच्या आसपास! वीज नाही, डिजिटल काटा नाही. आमच्या लॅबमध्ये एसी लावून एवढं जमायचं नाही कधीकधी.

(हा प्रयोग शाळेत करायचा नाही. पाऱ्याची वाफ विष आहे. मनातसुद्धा आणू नका.)

मडक्याचं उत्तर सोपं आहे. उन्हानं जातं ते कणांच्या मधलं पाणी. मातीच्या कणांच्या घडणीतच आणखी पाणी बांधलेलं असतं, ते ५०० अंशांच्या आसपास सुटतं. शुद्ध केओलिनमध्ये, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीत, ते १४ टक्के भरतं, खानापूरच्या मडक्याच्या मातीत त्याहून कमी. म्हणजे पोरगं मडक्याबद्दल बरोबर आहे. लाकडाबद्दल चुकलंय, कारण लाकडाचा धूर आणि वायू त्यानं मोजलेच नाहीत.

लोखंडाचं करून दाखवा. हार्डवेअरच्या दुकानात पॉलिशवाले वापरतात ते बारीक स्टील वूल, म्हणजे लोखंडाच्या केसासारख्या तारांचा पुंजका, मिळतं. काट्यावर ठेवून वजन करा, पेटवा, परत वजन करा. खाली वाळू पसरलेला पत्रा ठेवा.


वैद्यनातू:

भट्टीवाले काका, छान लिहिलंत. पण पारा, भस्मं, ऊर्ध्वपातन हे सगळं आपल्याकडे शेकडो वर्षं आधी होतं. माझे आजोबा शहापुरात वैद्यकी करत. पारा आणि गंधक खलात घोटून काळी कुळकुळीत कज्जली करताना मी त्यांना पाहिलंय, तासन्‌तास. रसरत्नसमुच्चय या रसशास्त्राच्या जुन्या ग्रंथात मुशींचे, म्हणजे धातू तापवायच्या भांड्यांचे, किती प्रकार दिलेत! जनक म्हणायचं तर इथं का शोधत नाही आपण?


भट्टीवाला:

वैद्यबुवा, मी मुशीवर जगलेला माणूस, त्या ग्रंथाला माझा नमस्कार. त्यातली वांग्याच्या आकाराची वृंताक मूस म्हणजे डोकं आहे. जस्त ९०७ अंशांना उकळतं, वाफ हवेत आली की जळून पांढरी पूड होते. राजस्थानात जावरला आपल्या लोकांनी मुशीचं तोंड खाली करून ती वाफ हवा न लागता खालीच गोठवली, आणि जस्त काढलं, तेही शेकड्यांनी मुशी लावून. हवा वाईट करते हे त्यांना हातानं माहीत होतं.

पण हातानं माहीत असणं आणि वहीत लिहिणं ह्यात फरक आहे. जळताना हवेतलं किती गेलं हे मोजायला हवा पकडावी लागते, आणि पाण्यावर उपडं भांडं धरून वायू गोळा करायची युक्ती हेल्सनं लिहिली १७२७ मध्ये. त्याच्या आधी युरोपातही कुणाकडं ती नीट नव्हती. म्हणून भांडण आपण विरुद्ध ते असं नाहीच मुळी. तुमच्या आजोबांनी कज्जलीच्या वजनाची नोंद ठेवली असेल तर इथं टाका. पारा आणि गंधक मिळून जेवढे, तेवढीच कज्जली भरायला पाहिजे.


खानापूरची टीचर:

काका, तोंडघशी पडले!

आधी भांडी घासायची तारेची घासणी आणली. ती नुसती लाल झाली, पेटेचना. मग बेळगावला जाऊन खरं स्टील वूल आणलं. एका पालकांचं सराफी दुकान आहे, त्यांनी जुना काटा दिला, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो. ५.०० ग्रॅम घेतलं. नऊ व्होल्टची बॅटरी नुसती टेकवली तर सगळ्या जाळीतून ठिणग्या धावत गेल्या, पोरं टाळ्या वाजवायला लागली. मग काट्यावर बघितलं तर ४.८६. कमी! कुंभाराच्या पोरानं काही म्हटलं नाही, नुसता माझ्याकडं बघत होता.


भट्टीवाला:

घासणी स्टेनलेसची असते, ती जळत नाही, माझं सांगायचं राहिलं. दुसरं, ठिणग्या उडाल्या त्या कुठं गेल्या? वाळूत. त्या वजनात धरल्या नाहीत. तिसरं, नव्या स्टील वूलला तेल लावलेलं असतं, गंजू नये म्हणून, ते जळून गेलं. म्हणजे लोखंड वाढलं आणि बाकीचं घटलं, तुम्हाला दिसली ती वजाबाकी. साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा, लगेच वाळवा, वाळूऐवजी स्वच्छ ताटलीत जाळा आणि ताटलीसकट मोजा. थंड झाल्यावर!

थंड का, ते सांगतो. मी नवा होतो. साच्याची वाळू मुशीत घालून मफल भट्टीत ९०० अंशांच्या वर तापवून जळण्यासारखं किती गेलं ते बघायचं काम होतं, एलओआय म्हणतात त्याला. भट्टीतून काढलेली मूस डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा न लागणाऱ्या बंद भांड्यात, ठेवून थंड होऊ द्यायची असते. संध्याकाळची बस चुकू नये म्हणून मी गरम मूसच काट्यावर ठेवली. गरम मुशीभोवतीची हवा तापून वर जाते, ती पारड्याला उचलते, वजन कमी दिसतं. मी लिहिलं, वाळूत जळाऊ भाग जास्त. त्या आकड्यावर शिफ्टनं वाळू चिकटू नये म्हणून तिच्यात घालायची कोळशाची पूड कमी केली आणि दोन दिवस वाळू चिकटलेली कास्टिंग्ज निघाली. आमच्या साहेबांनी ओरडा केला नाही. मला बोलावून गरम मूस काट्यावर ठेवायला लावली आणि म्हणाले, आता थंड होईस्तोवर आकडा बघत उभा राहा. अर्धा तास उभा होतो. आकडा हळूहळू चढत होता.


खानापूरची टीचर:

ताटलीसकट, थंड करून: ५.०० चे ५.५८ झाले. वर्गात शिट्ट्या.

कुंभाराचा पोरगा म्हणाला, "पण हवेतनं आलं कशावरनं? बॅटरीतनं आलं असेल." मला फार आवडलं. म्हणून तुमचा बंद भांड्याचा किस्सा सांगितला आणि बंद बाटलीत गंजवायचं ठरवलं, आग नको. एक लिटरची प्लास्टिकची पाण्याची बाटली, मिठाच्या पाण्यात भिजवून झटकलेलं स्टील वूल, घट्ट झाकण. शुक्रवारी वजन केलं, सोमवारी परत केलं. बाटली आपोआप चेपली होती, पोरांना भूत दिसल्यासारखं झालं. पण वजन ०.१४ ग्रॅमनं जास्त! झाकण उघडलंच नव्हतं, पोरांनी चिकटपट्टीवर सह्या करून ठेवल्या होत्या. आता? बॉईल बरोबर होता का? प्लास्टिकमधून काही आत गेलं?


भट्टीवाला:

हे वाचून रात्री झोप लागली नाही. चिकटपट्टीवर सह्या, वा! लॅव्हॉझिएनंसुद्धा १ नोव्हेंबर १७७२ ला गंधक-फॉस्फरसचं वजन वाढतं हे लिहून सीलबंद लिफाफा पॅरिसच्या विज्ञान अकादमीत ठेवला होता, दुसरा कुणी आधी म्हणू नये म्हणून.

पहाटे डोक्यात आलं. बाटली चेपली ना? तुमचा काटा हवेत बुडालेला आहे. विहिरीत बादली हलकी लागते तसंच, हवाही प्रत्येक वस्तूला थोडं वर उचलते. बाटली जेवढी जागा व्यापते तेवढ्या हवेच्या वजनाइतकं. बाटली चेपली, जागा कमी झाली, हवेचा आधार कमी झाला, वजन जास्त दिसलं. आत काही गेलं नाही. आपल्या उंचीवर लिटरभर हवा १.१ ग्रॅमच्या आसपास. ०.१४ ग्रॅम म्हणजे सव्वाशे मिलिलिटर. हा माझा अंदाज झाला, खरा मानू नका. चेपलेली बाटली न उघडता काठोकाठ भरलेल्या बादलीत बुडवा, सांडलेलं पाणी मोजा. मग तशीच न चेपलेली बाटली बुडवा. फरक सव्वाशेच्या जवळपास आला तर मी बरोबर. पन्नास आला तर आपण दोघं परत बसू.

आणि मग काचेची बाटली घ्या, चेपणार नाही अशी.


वैद्यनातू:

काका, आजोबांची वही सापडली. पारा एक भाग, गंधक एक भाग असं लिहिलंय, तयार कज्जलीचं वजन कुठंच नाही. खलाला चिकटलेलं खरवडून घ्यावं, एवढं मात्र दोनदा लिहिलंय.


खानापूरची टीचर:

उशीर झाला लिहायला, युनिट टेस्ट होत्या.

बादली: सांडलेल्या पाण्यातला फरक ११० मिलिलिटर आला. मोजताना एका पोराचा शर्ट भिजला, त्याचं म्हणणं १५ मिलिलिटर शर्टात आहे. ते मी वहीत लिहून ठेवायला सांगितलं.

काच: सरबताची ७०० मिलिलिटरची बाटली घेतली. चार दिवस बंद. वजन अगदी तेवढंच, शेवटच्या आकड्यापर्यंत. झाकण उघडायला कुंभाराच्या पोरालाच दिलं. सगळे श्वास रोखून. बारीक ‘फुस्स’ झालं, त्यानं बाटली परत काट्यावर ठेवली, ०.१३ ग्रॅम वाढलेले. तो बराच वेळ काट्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "हवा आत गेली ती मी ऐकली."

तराजू, झाकण, सगळं पोरांना कळलं. मुलींना मात्र दुसरीच गोष्ट भावली. मी त्यांना लॅव्हॉझिएच्या बायकोबद्दल सांगितलं. मारी-आन, तेराव्या वर्षी लग्न झालेली. त्याच्या १७८९ च्या पुस्तकातल्या उपकरणांच्या १३ चित्रपट्ट्या तिनं काढल्या. श्वासोच्छ्वासाच्या प्रयोगाचं एक चित्र आहे तिचं, त्यात तिनं स्वतःलाही काढलंय, बाजूच्या टेबलावर नोंदी घेताना. आता वही कुणी धरायची यावरून आठवीत भांडणं आहेत.

त्याच पुस्तकात मूलद्रव्यांच्या यादीत त्यानं प्रकाश आणि उष्णताही घातलीय हे वाचून एकानं विचारलं, मग त्याला कुणी नापास का नाही केलं. काका, ह्याचं उत्तर तुमच्यावर सोडते.

कुंभाराच्या पोराकडं गुरुवारी भट्टी लागणार आहे. त्यानं बारा मडकी वेगळी काढून काट्यावर चढवली. पेन्सिलीचे नंबर आगीत जातील म्हणून कच्च्या मातीत खिळ्यानं कोरलेत, एक ते बारा. पाच नंबरला कान फुटलाय, तरी तो मोजणारच आहे.